चोरी कबूल केली, दूध नाही

गेटवरच्या बाईनं माझ्या ब्लाउजात हात घातला आणि आतलं फडकं ओढून काढलं.

"साहेब, हिच्याकडं माल निघाला."

सुपरवायझरनं ते कात्रीच्या टोकावर उचललं आणि टेबलावर टाकलं. मागं बायांची रांग, पलीकडं गड्यांची. सगळ्यांच्या माना टेबलाकडं. पांढरं कापड, चार घड्या घातलेलं, मधोमध ओलंगच्च.

"ये गीला कैसे हुआ? बोल ना बाई. चोरलंस?"

मी म्हटलं, "हो साहेब. चुकले. चोरलं."

आता सांगते ते काय होतं. कामतघरला शेठचा यंत्रमागाचा कारखाना. लूमवरून उतरलेलं कापड तपासायचं, लोंबते धागे कापायचे, घडी घालायची, हे आम्हा बायांचं काम. दोन हजार सालानंतरची गोष्ट, एक-दोन वर्षं इकडं-तिकडं. माझी धाकटी तेव्हा तीन महिन्यांची. सासूजवळ ठेवून यायचे. चाळ काही लांब नव्हती, चालत सात-आठ मिनिटं. पण शिफ्ट सुरू झाली की गेटला कुलूप. जेवायचं आतल्या आत. बाहेर पडायचं म्हणजे झडती, आणि झडती दिवसातून एकदाच, सुटताना. कुणी कापड नेऊ नये म्हणून.

अकरा वाजले की माझी छाती दगड व्हायची. टेबलावर शेजारी बसलेल्या बाईनं तिच्या पोराचं नुसतं नाव काढलं तरी दूध सुटायचं. ब्लाउज भिजायचा. म्हणून खाली पडलेली एक चिंधी उचलून आत कोंबली होती. केरातच जाणार होती ती. पण होती शेठच्या कापडाची, तेवढं खरं.

"दूध आहे" म्हणायला काय लागतं? दोन शब्द. पण समोर गडी उभे. त्यातले दोघं आमच्या चाळीतले, मला वहिनी म्हणणारे. दूध तोंडातून निघेना. चोरी निघाली. सरळ निघाली, अडखळलीसुद्धा नाही.

सुपरवायझर हसला. "चोर पण साधी आहे रे, लगेच कबूल करते." बायाही हसल्या. त्यातल्या निम्म्या लेकुरवाळ्या. त्यांना वास आला नसेल? आलाच असणार.

शेठनं कामावरून काढलं नाही. वाईट माणूस नव्हता तो, सणाला मिठाई द्यायचा. फक्त विचारलं, "लाज नाही वाटली?"

वाटली होती हो. मरणाची वाटली होती.

त्याच संध्याकाळी मी बाजारातून मोगऱ्याची फुलं आणली. आमच्यात बायांना ठाऊक असतं. लेकरू दगावलं की बाळंतिणीच्या छातीवर मोगरा बांधतात, दूध आटतं. माझं लेकरू तर झोळीत हातपाय उडवत होतं. सासू ओरडली, "अगो, पोर जित्ती हाय ना! ह्ये काय करतेस?" मी ऐकलं नाही. फुलं बांधली, वरून पट्टा आवळला. चार-पाच दिवसांत दूध आटलं. पोरगी छातीला तोंड घासायची, रडायची, परत घासायची. वरच्या दुधानं तिला जुलाब लागले. महिनाभर अंगावर नुसती कातडी. वाचली, माझं नशीब. तिला हे मी आजवर सांगितलेलं नाही. इथं वाचेल तेव्हा कळेल.

पाच-सहा वर्षं गेली. मी जुनी झाले, भरवशाची झाले. मग शेठनं मलाच गेटवर झडतीला बसवलं. आणि मी बसले. रोज बायांच्या ब्लाउजात हात घातला. हेही लिहायलाच हवं.

तेव्हा नसीम कामाला आली. बाविशीची पोर, मुलगा चार महिन्यांचा. एकदा जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसली. ओढणी छातीशी गच्च धरलेली. हळूच म्हणाली, "मावशी, दूध बंद करायला काय करतात? तुम्हाला माहीत असेल ना?"

माहीत होतं. अगदी जिभेवर होतं. सांगायचं, अन् झालं. पण मोगरा तोंडातून निघेना. माझी खरी लाज कुठं बसली आहे ते तेव्हा कळलं. त्या फुलांत.

"घर कुठंय तुझं?"

"गल्लीच्या टोकाला."

मी कुलूप काढलं. "जा. पाजून ये."

"शेठ ओरडतील, मावशी."

"मला ओरडतील ना? तू पळ."

वीस मिनिटांत ती परत आली, धापा टाकत. तोवर शेठ खाली उतरला होता. "गेट किसने खोला?"

"मी."

"आज एक जाईल, उद्या दहा जातील. मी कारखाना चालवू की पाळणाघर?"

म्हटलं, "शेठ, पोर उपाशी असलं की बाईची नजर कापडावर ठरत नाही. डाग तसेच राहून जातात, माल परत येतो, मग तुम्ही ओरडता. दिवसातून दोनदा वीस मिनिटं द्या, काम चोख घ्या. आणि मागं माझ्याकडं ती चिंधी सापडली होती, आठवतं? ती दुधानं भिजली होती. गड्यांदेखत सांगते. दूध होतं ते."

सगळं खातं ऐकत होतं. शेठ आला तसा वर निघून गेला.

जिंकलेबिंकले काही नाही हां. दुसऱ्या दिवशी मला गेटवरून उठवलं, परत घडीच्या टेबलावर. नसीमला आठवडाभर सोडलं, मग बंद. तिनं काम सोडलं.

मी वाचायला उशिरा शिकले, पोरीच्याच पुस्तकावरून. एक दिवस कायद्याचा कागद हाती आला. अक्षर अक्षर लावत वाचला. बाळ पंधरा महिन्यांचं होईस्तोवर आईला पाजायला रोज दोन सुट्ट्या. लिहिलेलं होतं! माझ्या वेळीही लिहिलेलं होतं! मग माझं डोकं फिरलं ते फिरलंच.

आता इथंच जवळ, पूर्णा गावाकडं, गोदामंच गोदामं. आत पोरी उभ्या राहून खोकी भरतात. मी गेटागेटावर जाते. ट्रकला सावली आहे, ड्रायव्हरला निजायला खोली आहे, देवाला कोपरा आहे. "बाळाला पाजायला कुठं?" विचारलं की मॅनेजर मोबाइल काढतो.

परवा एकानं मला खुर्ची दिली, चहा मागवला. "आजी, दमला असाल. आम्ही विचार करू."

चहाला हात लावला नाही. म्हटलं, "साहेब, आतून कडी लागेल अशी एक खोली. दिवसातून दोनदा वेळ. पगार कापायचा नाही. उपकार नकोत. खोली दाखवा, मग उठते."

शिफ्ट सुटेपर्यंत बसले. खोली दाखवली नाही. उद्या परत जाणार आहे, त्याच गेटवर.