मनगटाची पट्टी आणि एप्रिलची परीक्षा

माझ्या एका मनगटाबद्दल लिहावं, एवढा मी कोण? आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, आणि लिहायची सवय मला परीक्षेपुरतीच. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

पहिल्या वर्षाची परीक्षा पाच आठवड्यांवर होती. भाताच्या रोपांची जमीन भाजायची, त्या भाजावळीसाठी कवळ म्हणजे पाल्याच्या फांद्या तोडताना मी ऐनाच्या झाडावरून पडलो आणि उजवं मनगट मोडलं. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी कोपराखालून बोटांच्या मुळापर्यंत प्लास्टरची पट्टी ठेवून वर बँडेज गुंडाळलं. म्हणाले, "महिनाभर सोडायची नाही."

आई रोज संध्याकाळी ती सोडायची, खोबरेल चोळायची आणि पुन्हा बांधायची.

"अगं, डॉक्टर नको म्हणालेत."

"त्याला काय जातंय सांगायला? हात आखडला तर त्यो येनार हाय भात लावायला?"

मी तिला फारसं अडवलं नाही. खाज थांबायची. शिवाय पट्टी सुटली की मी हळूच पेन धरून दोन ओळी लिहून बघायचो. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी बँडेजकडे पाहिलं. "ही लाकडाच्या भाऱ्याची गाठ. कुणी मारली?"

"मीच."

"एका हातानं? वा!"

एक्स-रेत हाड सरकलेलं दिसलं. पुन्हा महिनाभर पट्टी. पेपर दोन आठवड्यांवर.

लेखनिकासाठी कॉलेजात अर्ज दिला. क्लार्क म्हणाले, "लिहिणारा तुझ्यापेक्षा कमी शिकलेला हवा."

"वाडीत सगळेच कमी शिकलेले आहेत, साहेब."

"मग अडचण काय?"

"लिहिता येणारे सगळे मुंबईत आहेत."

ते हसले. मला हसू आलं नाही. दोन दिवस फिरल्यावर शेजारच्या वाडीतली नववीतली एक मुलगी तयार झाली. आता फक्त विद्यापीठाची परवानगी यायची होती. रोज सकाळी पहिल्या एसटीनं कॉलेजात जायचो, क्लार्कच्या खिडकीशी उभा राहायचो. "नाही आलं रे," एवढंच ऐकायचं आणि परतायचं. राग कुणावर काढावा तेही कळेना. आईवर काढवत नव्हता, स्वतःवर काढून भागत नव्हतं.

पहिला पेपर डाव्या हातानं लिहिला. तीन तासांत दीड पान. उत्तरं येत होती, हात येत नव्हता. पुढचे पेपरही तसेच गेले.

शेवटच्या पेपरनंतर चार दिवसांनी हजेरीच्या दाखल्यासाठी कॉलेजात गेलो. क्लार्कनी खिडकीतूनच हाक मारली, "अरे, तुझी परवानगी आली की!"

कागदावर विद्यापीठाचा, पहिल्या पेपरच्या आदल्या दिवसाचा शिक्का होता. लेखनिक घेऊन बसण्यास हरकत नाही, असं लिहिलं होतं.