अनसूयाकाकूंच्या हातचं चूर्ण

नोकरीतून निवृत्त झाल्यावर अनसूयाकाकू गिरगावातली खोली सोडून शांती नगरला आमच्या विंगमध्ये राहायला आल्या. आयुष्य ऑफिसच्या फायलींत गेलेलं. "हिच्या हाताला चवच नाही" हे सासूबाईंचं वाक्य त्या हसत सांगायच्या, पण ते त्यांना किती लागलंय हे ऐकणाऱ्याला कळायचं.

गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण म्हणून त्यांनी स्टीलच्या छोट्या डब्या दिल्या. आत सांधेदुखीचं चूर्ण. दर वर्षी प्लॅस्टिकच्या गाळण्या घेऊन वैतागलेल्या आम्ही बायका खूश झालो. कुणीतरी विचारलं, "घरी केलंत?" काकू म्हणाल्या, "हो, घरीच कुटलं."

खरं तर चूर्ण काशीमीऱ्याच्या हायवेवरच्या एका हॉटेलच्या काउंटरवरून आणलं होतं. एवढंसं खोटं. तिथेच राहिलं असतं, पण चूर्ण लागू पडलं. जिने चढताना कण्हणाऱ्या बायका दोन दिवसांत टणाटण चढायला लागल्या. रिकाम्या डब्या घेऊन काकूंच्या दारात यायला लागल्या. पैसे दिले तर काकू हात मागे घ्यायच्या, "घरच्या वस्तूचे कसले पैसे!" आणि दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरातून खलबत्त्याचा आवाज यायचा. काकूंच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं, हे मात्र कबूल करायला हवं.

काकूंच्या शेजारच्या फ्लॅटमधली मंदा तर रोज सकाळ-संध्याकाळ चमचाभर घ्यायची. तिला डायबिटीस. पावसाळ्याच्या आधी तिचा चेहरा सुजला, शुगर भलतीच वाढली आणि एका दुपारी ती ओट्यापाशीच कोसळली. हॉस्पिटलमध्ये आयसीयूत ठेवली. ती शुद्धीवर आल्यावर काकू आणि मी जेवणाचा डबा घेऊन गेलो, तेव्हा डॉक्टर तिची मुलगी संचिता हिला खोदून खोदून विचारत होते, आणखी काय काय घेतात या?

"हे बघा, काकूच आल्या," संचिता म्हणाली. "काकू, चूर्णात काय काय घालता तुम्ही?"

काकूंनी घसा साफ केला. "सुंठ, मेथी, अश्वगंधा..."

"एवढ्याने असं होणार नाही," डॉक्टर म्हणाले. "आणखी काही?"

तेवढ्यात मंदा पलंगावरून क्षीण आवाजात म्हणाली, "डॉक्टर, त्यांच्यावर संशय नका घेऊ. स्वतः कुटतात त्या. मी रोज ऐकते ना."

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या तशाच बाहेर पडल्या. मला वाटलं, पळाल्या, आणि मी मनातल्या मनात त्यांना नको नको ते बोलून घेतलं. पण तासाभरात त्या रिक्षाने परत आल्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर एक पाकीट ठेवलं. "हे आहे. मी नाही कुटत. विकत आणते."

पाकिटावर पांढऱ्या दाढीचे एक बाबा, खाली 'शंभर टक्के आयुर्वेदिक, साईड इफेक्ट नाही'. बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, लायसन्स नंबर नाही. डॉक्टर म्हणाले, "दोन दिवसांत गुडघेदुखी थांबते म्हणजे यात बहुतेक स्टेरॉईड मिसळलंय. सूज आणि शुगर त्यानेच. तपासायला पाठवतो. आणखी कोण कोण घेतंय?"

"आमची अख्खी विंग." काकूंनी पदर तोंडाला लावला. "मी डब्या परत घेते. सांगते, चूर्णाला वास येतोय."

"तसं चालणार नाही. रोज घेणाऱ्यांनी हे एकदम थांबवणंही धोक्याचं असतं. प्रत्येकाला खरं सांगून डॉक्टरकडे पाठवा."

दिलेलं वाण कुणी परत मागतं का? काकू मागत निघाल्या. सोबत मी. प्रत्येक दारात तेच वाक्य, "मी खोटं बोलले, विकतचं होतं, डॉक्टरकडे जा." शरमेने त्यांची मान वर होत नव्हती. कुणी डबी हातात आपटली, कुणी तोंडावर दार लावलं. वरच्या मजल्यावरची पिंकी मात्र डबी सोडेचना. "आंटी, आपके हाथ का है, इसको कुछ नहीं होगा," ती म्हणाली. काकूंना तिला तीनदा सांगावं लागलं, आणि तिसऱ्यांदा त्या रडल्या. मला राग धरून ठेवायचा होता, पण तो काही टिकला नाही.

मंदा घरी आल्यावर काकू भेटायला गेल्या, तेव्हाही मला सोबत नेलं. मंदाच्या चेहऱ्यावरची सूज अजून उतरली नव्हती. ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

"संचिताने सांगितलं मला," ती म्हणाली. "पण काकू, भिंतीपलीकडून आवाज यायचा ना, तेव्हा मी तिला म्हणायचे, बघ, या वयात आपल्यासाठी किती राबतात. मग रोज दुपारी कुटत काय होतात तुम्ही?"



"काही नाही गं," काकू म्हणाल्या. "खल रिकामा असायचा. तुला ऐकू जावं म्हणून कुटत होते."