ह्यांनी हात दाबला नाही

"काका, दोन्ही हात पुढे करा. ट्रॅफिक पोलीस गाड्या थांबवतो ना, तसे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

माझ्या नवऱ्याने हात पुढे केले. पंजे काही स्थिर राहीनात. दोरीवरचे कपडे वाऱ्यावर हलावेत तसे फडफडायला लागले. ह्यांना त्याची गंमत वाटली, हे हसले. डॉक्टर हसल्या नाहीत.

"याला फ्लॅपिंग ट्रेमर म्हणतात," त्या मला म्हणाल्या. "सिऱ्होसिस आहे. म्हणजे लिव्हर कडक होऊन आकसलंय. ते रक्त साफ करत नाही, म्हणून अमोनिया मेंदूपर्यंत पोचतोय. त्याला हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. वागणं बदलेल. तयारी ठेवा."

माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं असेल? "अहो, पण हे दारूला शिवतसुद्धा नाहीत." जुनी शुगर आणि फॅटी लिव्हर, एवढं पुरतं म्हणे. चर्चच्या मंडळीतल्या दोघीतिघींना मात्र ते पटलं नाही, हे त्यांच्या डोळ्यांत मला पुढे बरेचदा दिसलं.

आम्ही कल्याणचे ख्रिस्ती. ह्यांची सगळी नोकरी मोहन्याला झाली आणि सगळे रविवार चर्चमध्ये, मुलांचा संडे स्कूलचा वर्ग घेण्यात. मी डोंबिवलीच्या शाळेत शिक्षिका होते. निवृत्त झाले तरी आवाज अजून वर्गातलाच आहे. त्या आवाजात मी ह्यांना सुरुवातीला फार बोलले. दिवसा झोपायचे, रात्री घरभर फिरायचे. माझ्या चपला घालून दूध आणायला जायचे. जेवणाआधीची प्रार्थना करता करता मध्येच थांबायचे आणि भाताकडे बघत बसायचे. मला वाटलं, वयाचे चाळे. तुमच्या घरात कुणी असं वागायला लागलं तर रागावू नका, रक्त तपासा.

आणखी एक सांगते. लॅक्टुलोज नावाचं गोड पातळ औषध देतात. त्याने दिवसातून तीनचारदा पोट साफ होतं आणि अमोनिया बाहेर पडतो. लोक जुलाब लागले म्हणून ते आपल्या मनाने बंद करतात. करू नका. चादरी धुवाव्या लागतात, धुवा. मी धुतल्या, कुरकुरत धुतल्या, पण धुतल्या.

काही महिने त्यावर निभावलं. मग पोटात पाणी झालं आणि त्या पाण्यात इन्फेक्शन. कल्याणच्या डॉक्टरांनी ठाण्याला हलवायला सांगितलं. ॲम्ब्युलन्स शीळफाट्याला अडकली, नेहमीसारखीच. सोबत ह्यांची मोठी बहीण, विमलताई होत्या. आई लवकर गेली म्हणून ह्यांना त्यांनीच वाढवलं, पहिली प्रार्थनाही त्यांनीच शिकवली. त्यांनी भावाच्या कपाळावर हात ठेवला आणि प्रार्थना सुरू केली. ह्यांनी तो हात झटकला. मग मला एक शिवी दिली. लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती, त्यातली ती पहिली.

वॉर्डात दुसऱ्या दिवशी आमच्या चर्चचे पाळकसाहेब आले. तरुण आहेत, भले आहेत. त्यांनी डोळे मिटले आणि "हे प्रभू येशू" एवढं म्हटलं, तोच हे ओरडले.

"बंद करा! कोणी नाहीये तिथे. कशाला बडबडताय? कोणी नाहीये."

शेजारच्या खाटांवरचे लोक बघायला लागले. पाळकसाहेबांनी हळू आवाजात आमेन म्हटलं.

ठाण्याच्या डॉक्टरही बाईच होत्या. त्या म्हणाल्या, "मनावर घेऊ नका. हे काका बोलत नाहीत, अमोनिया बोलतोय."

त्यांनी मला धीर द्यायला म्हटलं, पण माझ्या पायाखालची जमीन सरकली. नाही म्हणणारा अमोनिया होता, तर चाळीस वर्षं हो म्हणणारं कोण होतं? तेही रक्तातलंच काहीतरी? आणि आता हा माणूस असाच गेला तर?

जे ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आमची शिकवण अशी की तारण, म्हणजे पापातून सुटका, पुण्य करून कमवता येत नाही. ते देव कृपेने देतो, आपण फक्त विश्वास ठेवायचा. हे संडे स्कूलच्या वर्गात मुलांना सांगायचे, "कृपा म्हणजे फुकट. आणि फुकट म्हटलं की माणसाला संशय येतो." मुलं हसायची. आता मलाच संशय आला होता. फुकट असलं तरी घेणाऱ्याने हात पुढे करायला नको का? आणि ह्यांचे हात तर पुढे केले की फडफडत होते.

वॉर्डातल्या त्या ओरडण्यानंतर हे बोललेच नाहीत. शुद्ध हरपत गेली, श्वास अडकू नये म्हणून नळी घातली, व्हेंटिलेटर लावला. म्हणजे श्वास मशीन देतं. आयसीयूबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या, तेच आमचं घर झालं.

तिथे खाडीकडच्या गावातली एक कोळीण माझ्याशेजारी बसायची. तिचा नवरा आत होता. तिने देवीला नवस बोलला होता, बरा झाला की ओटी भरीन, मान देईन. एकदा डबा उघडून माझ्यापुढे धरत तिने विचारलं, "तुमच्यात नवस नाय करत?"

"नाही."

"मग देवाला काय देता?"

"काही नाही. तो घेत नाही."

"अगो बाई," ती म्हणाली. "मग तो तरी कशाला करील?"

खरं सांगू? त्या क्षणी मला तिचा हेवा वाटला. तिच्याकडे करण्यासारखं काहीतरी होतं. मला नवस बोलता आला असता तर मी घर बोलले असते, कानातलं बोलले असते, उरलेलं आयुष्य बोलले असते. आमच्या देवाने ते दारच बंद करून ठेवलेलं. मला प्रार्थनाही सुचत नव्हती. डोळे मिटले की फक्त ऐकू यायचं, कोणी नाहीये तिथे.

रोज सकाळी डॉक्टर झोपेचं औषध थोडं कमी करून बघायच्या. आम्हा दोघींपैकी एकीला आत सोडायचे. "काका, डोळे उघडा. माझा हात दाबा. दाबा बघू." मग म्हणायच्या, "आता तुम्ही बोलवा." मी हात हातात घ्यायचे आणि वर्गातल्या आवाजात सांगायचे, "अहो, हात दाबा." हात ऊन असायचा, सुजलेला असायचा. दाबायचे नाहीत.

विमलताई आत गेल्या की वेगळंच चालायचं. "सुधाकर, बाळा, येशूवर विश्वास आहे ना तुझा? आहे तर हात दाब." एकदा त्या धावतच बाहेर आल्या. "दाबला! अगं मालती, त्याने दाबला!"

डॉक्टर मागोमाग आल्या. "रिफ्लेक्स असतो तो. बोट आपोआप हलतं. मी परत तपासलं, प्रतिसाद नाही."

ताई काही ऐकायला तयार नव्हत्या. त्यांना मी दोष देत नाही. आमच्या मंडळीत माणूस गेला की तिसऱ्या दिवशी सभा असते. घरचं कुणीतरी उठून त्याची शेवटची साक्ष सांगतं. कुणी गीत गात गेलेलं असतं, कुणी हसत. अशा साक्षी ऐकून आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो. आपल्या माणसाची साक्ष "कोणी नाहीये" ही असावी, हे त्यांना सोसवत नव्हतं. मला तरी कुठे सोसत होतं?

मग किडनी बंद पडली. बीपी औषधांनाही दाद देईना. एका दुपारी डॉक्टरांनी मला आत बोलावलं आणि स्टूल दिलं. "आता आमच्या हातात फारसं नाही. तुम्ही बसा त्यांच्याजवळ." आत येताना घालायला दिलेला ग्लव्ह मी काढून टाकला. कुणी अडवलं नाही.

मी हात धरला. पहिल्यांदाच दाबा म्हटलं नाही. देवाशी मात्र भांडले. तोंड मिटून भांडले, पण जोरात. तू म्हणतोस ना फुकट? मग याच्याकडून आता कशाची वाट बघतोयस?

आणि भांडता भांडता माझं माझ्याच हाताकडे लक्ष गेलं. या माणसाने मला शिवी दिली होती, ओळखलं नव्हतं, चादरी घाण केल्या होत्या. किती दिवसांत त्याने माझा हात साधा दाबला नव्हता. तरी हा माझा नवरा नाही, असं एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. मी काही संत नाही. मी तापट आहे, कुरकुरी आहे, रिक्षावाल्याशी भांडणारी आहे. माझ्यासारखीला जर एवढं जमतं, तर ज्याच्यावर ह्यांनी जन्मभर विश्वास ठेवला, त्याला मी माझ्यापेक्षा हलका समजत होते की काय?

संध्याकाळच्या आत हे गेले. हात दाबला नाही.

त्यानंतर माझी भीती संपली असं म्हणणार नाही. अजूनही कधी भाजी चिरताना ते शब्द ऐकू येतात आणि विळी थांबते. पण त्या दुपारनंतर मी ह्यांच्या वतीने विश्वासाचे पुरावे शोधायचे सोडले. तुमचं माणूस आजारात देवाला नाकारत असेल, तुम्हाला नाकारत असेल, तर त्याच्याकडून काही वदवून घेत बसू नका. त्याच्याजवळ बसा. ठाण्याच्या त्या डॉक्टरीणबाईंचे मी आभार मानते, त्यांनी मला वेळेवर स्टूल दिलं. कोळणीच्या नवऱ्याला वॉर्डात हलवलं होतं. आम्ही हॉस्पिटलमधून निघताना तिने माझ्या गालांवरून हात फिरवले.

तिसऱ्या दिवशी सभेत साक्षीची वेळ आली. विमलताई उठायला लागल्या. त्या काय सांगणार हे मला माहीत होतं, आणि सगळ्यांना ते आवडलंही असतं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून स्वतः उभी राहिले.

"ह्यांचे शेवटचे शब्द होते, कोणी नाहीये तिथे," मी म्हणाले. कुणीतरी खोकलं. "मेंदूत विष चढलं होतं, त्यात बोलले. नंतर शुद्ध आली नाही. मरताना ह्यांच्याजवळ द्यायला काही नव्हतं, विश्वाससुद्धा हातात धरवत नव्हता. हे तुम्हाला शिकवायचे की तारण फुकट असतं. ते खरं असेल तर ह्यांना मिळालंय. माझ्याकडे एवढीच साक्ष आहे."

मी खाली बसले. वाटलं, ताई आता आयुष्यभर माझ्याशी बोलणार नाहीत. पण त्यांनी माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि शेवटचं गीत संपेपर्यंत घट्ट धरून ठेवला.

मी त्यांचा हात दाबला की नाही, मला आठवत नाही.