तांदळातलं नाव

टेंभुर्णीत एकदा नंदाबाईच्या हातचा ब्लाऊज अंगात गेला की बाया दुसरीकडं कापड टाकत नाहीत. तोंडानं मात्र फटकळ. माप देताना पोट आत ओढणाऱ्या बाईला ती सरळ म्हणते, "श्वास सोड गं, घातल्यावर काय करशील?" अशा बाईची बोलती बंद केली ती तिच्याच पोरीनं, अकरावीतल्या प्रीतीनं.

झालं असं, की गावातला कल्याण नावाचा पोरगा शहरात जाऊन सिनेमाचं शिकून आला आणि उसना कॅमेरा घेऊन भीतीचा सिनेमा करायला लागला. गोष्ट अशी: एका शाळकरी मुलीला घरचे हळूहळू शीतल या भलत्याच नावानं हाक मारू लागतात आणि शेवटी तिलाही तेच खरं वाटायला लागतं. मुलीचं काम प्रीतीकडं, घर नंदाबाईचं. सिनेमावाल्यांचं बरं असतं, भूत दुसऱ्याच्या घरात सोडायचं आणि चहाही तिथलाच प्यायचा.

कल्याणनं प्रीतीला बजावलं होतं, शूटिंग संपेपर्यंत आपल्या नावाला ओ द्यायची नाही. पोरीनं ते फारच मनावर घेतलं. "प्रीती, जेवायला चल," म्हटलं की भिंतीकडं बघत बसायची. नंदाबाई रागावली, लाडीगोडी करून झाली. पोरीचं जेवण सुटलं तेव्हा मात्र तिला राहवेना. ताट पुढं सरकवत ती म्हणाली, "शीतल, खाय ना माय."

पोरगी गोड हसली आणि जेवली. नंदाबाईनं जीभ चावली. नको ते आपल्याच तोंडून गेलं होतं. त्यानंतर प्रीती म्हटलं तरी पोरीची पापणी हलेना, की तिच्या तोंडून 'आई' निघेना. आता ही परत येते की नाही, या धास्तीनं नंदाबाईचं मशीनवरचं कापड वाकडं जायला लागलं.

ही धास्ती उगाच नव्हती. नंदाबाई माहेरची मालन. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळांत अंगठीनं 'नंदा' लिहिलं आणि सासरी तेच चाललं. पुढं एकदा माहेरी शेंगा सोलत बसली असताना आईनं अंगणातून हाक मारली, "मालन!" हिनं मान वर केली नाही. आई जवळ येऊन रडली होती. हे ती पोरीजवळ कधीच बोलली नव्हती.

शेवटच्या दिवशी सिनेमातल्या आईचं काम करणारी बाई आलीच नाही.

"काकू, नुसता हात दिसंल तुमचा," कल्याण म्हणाला. "तांदळात शीतल लिहायचं. प्रीती वाचून ओ देती. बस, संपलं."

"अन् पोरगी तशीच राह्यली मंग?"

"काहीबी काय काकू! सिनेमा हाय हा."

ताट समोर आलं. तांदूळ घरचेच, अंगठी बोटातलीच. प्रीती ताटाकडं टक लावून बघत होती, ओ द्यायला तयार. नंदाबाईच्या लग्नात असंच ताट समोर होतं आणि तिला कुणी काही विचारलं नव्हतं. तिनं 'शी' लिहिलं आणि बोट अडलं.

"थांबू नका," कल्याण कुजबुजला.

तिनं तळहातानं तांदूळ सारखे केले आणि एका दमात लिहून टाकलं: मालन.

प्रीतीनं वाचलं. कपाळाला आठी पडली. "आई, ही कोण?"

आई! नंदाबाईला रडूच कोसळलं. "मी हाय ती. तुह्या बापानं नाव बदलायच्या आधीची."

कल्याण शॉट वाया गेला म्हणून कावला. त्याच्याकडं कुणी पाहिलं नाही.

"मला कामून सांगितलं न्हाई कधी?" प्रीतीनं विचारलं.

"प्रीती," नंदाबाईनं नुसती हाक मारून पाहिली.

"ओ."

नंदाबाईचा जीव भांड्यात पडला. डोळे पुसत ती चहा ठेवायला उठली. मागून प्रीतीनं लाडानं हाक मारली, "मालन!"

नंदाबाईनं दाराकडं पाहिलं, कोण आलं म्हणून.