गेरूचा आकडा

रायपूर राजधानी झालं, मला मंत्रालयात खुर्ची मिळाली, आणि त्याच हिवाळ्यात बाबांनी हट्ट धरला: अभयारण्यातल्या धरणावर घेऊन चल. निवृत्तीनंतर आमच्या बूढापारा मोहल्ल्यातून कधी न हलणारा माणूस! मी कुरकुरत जीप ठरवली.

काठावर एकच म्हातारा नावाडी होता. डोंगा मधोमध आला तसं त्याने वल्हं आत घेतलं आणि हातानेच पाणी सारायला लागला.

"इहां हमर गांव हे, बाबू. घर के ऊपर चप्पू नइ मारन."

खाली त्यांचं बुडालेलं गाव होतं; घरांवर वल्हं मारायचं नाही, म्हणे. बाबांचा चेहरा उतरला. तरुणपणी ते याच धरणाच्या मोजणीवर होते. उठवायच्या घरांवर त्यांनी गेरूने आकडे टाकले होते. गाव सुटायच्या आदल्या दिवशी बघतात तर बायकांनी भिंतींवर पांढरी माती फिरवून सगळे आकडे बुजवलेले. बाबांना वाटलं, मुद्दाम केलं. एका म्हातारीला नाही नाही ते बोलून त्यांनी तिच्या ओल्या भिंतीवर पुन्हा आकडा ओढला. घर सोडायचं तर सारवून, पोतारून सोडायचं, ही तिकडची रीत; ते त्यांना गाव बुडाल्यावर कळलं. तेव्हापासून दुपारी झोपेतही ते तळहाताने भिंत पुसायचे. लहानपणी मला त्या आवाजाची भीती वाटे.

"मले याले काही सांगाचं आहे," बाबा हळूच म्हणाले.

मी त्यांचा हात दाबला. "राहू द्या ना बाबा! काहून जुनं उकरून राहिले?"

खरं सांगतो, मला लाज वाटली. मी मंत्रालयातला साहेब, आणि माझा बाप नावाड्यापुढे हात जोडणार? बाबांनी मान वळवली. पाण्यात डोकं वर काढून उभी असलेली वाळकी झाडं तेवढी बघत राहिले. नावाड्याने उगाच त्याच जागेवरून दुसरी फेरी घेतली तेव्हा मी वैतागलो. "चलो भैया, देर हो रही है."

उन्हाळ्यात बाबा गेले. शेवटपर्यंत हात भिंतीवरच होता. आता दुपारी डोळा लागला की तो आवाज मला ऐकू येतो, म्हणून मी एकटाच पुन्हा त्या डोंग्यात बसलो आणि नावाड्याला सगळं सांगून टाकलं.

"हव," तो म्हणाला. "ओ मोर दाई रहिस."

दाई म्हणजे आई. ती म्हातारी याची आई होती.

"बाबूजी को तो मैं घाट पर ही पहचान गया था. इसीलिए दूसरा चक्कर लगाया. सोचा, अब बोलेंगे."