उताराची बैठक

ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास मी सौंसरला प्लॉट घेतला. तो उताराचा आहे म्हणूनच घासाघीस करून अर्ध्या भावात मिळवला होता. मुरूम टाकून सपाट करू, असा माझा बेत. पण नागपूरचा आर्किटेक्ट म्हणाला, "जमीन उतरते तसंच घर उतरू द्या. मुरमाचा खर्च वाचेल." खर्च वाचेल म्हटलं की मी वाद घालत नाही. त्यानं बैठकीची खोलीच दोन भागांत केली. आतला भाग वर, दाराकडचा अडीच फूट खाली, मध्ये पायऱ्या.

त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

तसा आधी फायदाच झाला. संत्र्याचे सगळे सौदे मी वरच्या भागात गादीवर बसून केले. समोरचा खाली सतरंजीवर. मान वर करून बोलणारा माणूस भाव लवकर सोडतो, हे मी शाळेत न जाता शिकलो होतो.

पुढे थोरलीचं लग्न ठरायला आलं. मुलगा तिला पसंत होता. राहिलं होतं एकच, वऱ्हाडात माणसं किती. मोहगावहून मुलाकडचे सातजण बोलणी करायला आले. पाहुण्यांना वर बसवणं आलंच, आणि ते बसल्यावर वर जागा उरली नाही. मी खाली.

"अडीचशे तरी होतील जी," मुलाचे वडील म्हणाले.

"शंभर आणा. बाकीचे काय नागपूरची बस थांबवून भरून राहिले?"

"गाव मोठं हाय आमचं."

"असंन. मांडव तर माझाच हाय ना."

तासाभरात मी शंभराचा दोनशेवर आलो. मान अवघडली होती. तेवढ्यात मुलाचा मामा वरून म्हणाला, "एवढं घर बांधलं, अन् दोन पंगतींले भिऊन राहिले?"

माझं डोकं फिरलं. सोयरीक मोडली, असं सांगायला मी हात उगारून ताडकन उठलो. खाली उभं राहिलं की आपलं तोंड वर बसलेल्याच्या तोंडासमोर येतं, हे नकाशात कुणी दाखवलं नव्हतं. आमच्याकडे बोलणी पक्की झाली की व्याही उठून गळाभेट घेतात. मुलाच्या वडिलांनी माझ्या गळ्यात हात टाकले.

"पाहा, इवाई सोता उठून भेटून राहिले. अडीचशे पक्के."

मी सुटायला धडपडलो, तशी त्यांनी मिठी आणखी आवळली. कसाबसा बाजूला झालो आणि बोलायला तोंड उघडलं. बायको वाटी घेऊन पायरीवर उभीच होती. तिनं त्या तोंडात चमचाभर साखर घातली.