कस्तुराबाई काय म्हणाली

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आई होती तोवर तिलाही नाही. तुम्हाला का सांगतेय, ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

लोक मला चांगली बाई समजतात. कर्नाटकातल्या आळंदकडच्या कुठल्याही हद्दीवरच्या गावात गेले की बाया खाट टाकतात, पाणी आणतात, ‘अक्का आल्या’ म्हणून लेकरांना पळवतात. कलबुर्गीला मीटिंग असली की गरिबीवर बोलायला मला उभं करतात. मी बोलते — पावसाचं, कोरडवाहू तुरीचं, कचेरीतल्या कन्नडपुढं गप्प होणाऱ्या मराठी बायांचं. ‘या बायांचं म्हणणं वरपर्यंत पोचत नाही,’ हे माझं ठरलेलं वाक्य. समोरचे मान हलवतात. ते का पोचत नाही, हे माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत आहे?

सुरुवातीपासून सांगते. म्हणजे — माझी सुरुवात नको. कस्तुराबाईची.

गावाचं नाव लिहीत नाही. तिथं आमच्या संस्थेनं गरीब बायांना शेरडं वाटली होती. मी तेव्हा नवीन होते. आळंदच्या एका छोट्या दुकानदाराची मुलगी, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, तेवढ्यावरच नोकरी मिळालेली. कस्तुराबाईचा नवरा सोलापूरला कामाला म्हणून गेला तो परत आलाच नव्हता. घरात ती आणि तिची मुलगी महादेवी. जमीन नाही. गावात सुगीपुरतं काम. सुगी सरली की मायलेकी हैदराबादकडं वीटभट्टीवर. दर वर्षी महादेवीची शाळा मध्येच सुटायची.

शेरडं आली आणि एक वर्ष त्या भट्टीवर गेल्या नाहीत. कस्तुराबाई शेरडांशी बोलायची, त्यांना नावं ठेवायची, माझ्यासमोर त्यांची तक्रार करायची. महादेवी नववीत गेली. शनिवारी मी गावात मुक्कामाला असले की ती इंग्रजीचं पुस्तक घेऊन माझ्याकडं यायची. हुशार होती. एक शब्द दोनदा सांगावा लागत नसे.

मग परदेशातले देणगीदार आमचं काम बघायला येणार, असं ठरलं. आमचे साहेब बंगळूरचे, त्यांना मराठी येत नव्हतं. ते मला म्हणाले, सगळ्यात चांगलं घर दाखव. मी कस्तुराबाईचं नाव दिलं. हा दौरा नीट झाला तर काम आणखी गावांत वाढणार होतं, आणि त्याची प्रमुख मी होणार होते. हे मला माहीत होतं. हे पण सांगून टाकलेलं बरं.

पाहुणे यायच्या थोडे दिवस आधी गावात रोग आला. शेरडांच्या नाकातोंडातून पाणी, हगवण, खाणं बंद. कस्तुराबाईचं एकही जनावर वाचलं नाही. ती माझ्यापुढं बसून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला — आणि मनात काय आलं? पाहुण्यांचं काय करायचं, हे आलं.

मी साहेबांना काही कळवलं नाही. कस्तुराबाईला बजावलं, ‘बाई, शेरडांचा विषय काढू नका. महादेवीच्या शाळेचं बोला.’ ती बरं म्हणाली.

पाहुणे आले. अंगण सारवलेलं होतं. गावातल्या बाया दारात उभ्या होत्या. महादेवी चहाचे कप घेऊन आली. पाहुण्यांत एक म्हाताऱ्या बाई होत्या, अगदी साध्या. त्यांनी खाली चटईवर बसून कस्तुराबाईचा हात हातात घेतला आणि इंग्रजीत विचारलं, तुझी शेरडं कशी आहेत? मी मराठीत सांगितलं. सांगताना डोळ्यांनी खूण केली.

पण कुणीतरी हात धरला होता ना तिचा. ती बोलली.

‘‘शेरडं ऱ्हायली न्हाईत बाई. रोगानं समदी गेली. आमच्या गावाला जनावराचा डॉक्टर येत न्हाई. आता दुसरी दिलाव तर तीबी मरतील, आधी डॉक्टर द्या. आन सुगी झाल्यावर गावातच कायतरी काम द्या. न्हाई तर मला पुन्हा भट्टीवर जावं लागतंय, पोरीची शाळा सुटतीय. येवढंच हाय माझं.’’

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मी इंग्रजीत सांगितलं — तिची शेरडं वाढली आहेत, आत्ता रानात चरायला गेली आहेत. त्या पैशांतून ती मुलीला शिकवते. तिला आता कशाची कमी नाही. ती तुमचे आभार मानते.

अडखळले नाही मी. आवाजही हलला नाही. इतकं सहज जमतं हे मला आधी माहीत नव्हतं.

म्हाताऱ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी कस्तुराबाईला जवळ घेतलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. कस्तुराबाईला वाटलं, आपलं दुःख ऐकून ही बाई रडली. तीही रडायला लागली. मी मान वळवली तर समोर महादेवी. हातात रिकामे कप. ती माझ्याकडं बघत होती. मग तिनं कोपऱ्यातल्या मोकळ्या दाव्यांकडं बघितलं आणि आत निघून गेली.

तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. मीही बरीच वर्षं मनाला हेच सांगत आले — घाबरले, एक वाक्य चुकीचं सांगितलं. पण याहून वाईट त्यानंतर आहे.

गाड्या निघाल्या तशी कस्तुराबाई माझ्या मागं पळत आली. ‘‘अक्का, काय म्हणली ती बाई?’’

तेव्हा तरी सांगता आलं असतं. गाडीत बसायच्या आधी.

‘‘देतो म्हणल्या,’’ मी म्हणाले. ‘‘थोडं थांबा म्हणल्या.’’

ती थांबली. काय सांगू — ती खरंच थांबली. दिवाळीनंतर गावातली माणसं टेंपोत बसून भट्टीवर निघाली तेव्हा मुकादमानं तिला दारात येऊन बोलावलं. ती म्हणाली, ‘‘मी न्हाई येत. मला अक्कानी थांबाय सांगितलंय.’’ हे मला गावातल्या बायांनी कौतुकानं सांगितलं. मी दर खेपेला तिला म्हणत राहिले, येईल, वेळ लागतो. तिनं भांडी विकली. येळवसेच्या सणाला सगळं गाव रानात जेवायला गेलं आणि या दोघी घरात दार लावून बसल्या, असं नंतर कळलं.

पुढं एके दिवशी मी आळंदच्या बसस्टँडसमोर जीपमध्ये बसले होते. मायलेकी बोचकी घेऊन हैदराबादच्या गाडीची वाट बघत होत्या. चांगल्या भट्ट्यांवरच्या जागा तोवर भरल्या होत्या. कुठं चालल्या होत्या देव जाणे. कस्तुराबाई इकडंतिकडं बघत होती. मी पदर डोक्यावरून ओढून मान खाली घातली. गाडी गेल्यावर वर केली.

संस्थेचं काम वाढलं. त्या दौऱ्याचं फार नाव झालं. आणखी गावांना तशीच शेरडं वाटली गेली. जनावरांच्या डॉक्टरची सोय कुणी केली नाही — कशी करणार? गरज आहे हे कुणाला सांगितलं होतं? त्या गावांतही शेरडं मेली. मी प्रमुख झाले. गावोगाव जाऊन बायांना विचारत राहिले, ही योजना इथं का टिकली नाही?

मागच्या उन्हाळ्यात कलबुर्गीच्या एका डाळ मिलमध्ये बायांची मजुरी, कामाचे तास विचारायला गेले होते. दुपारची सुट्टी होती. डाळीच्या भुकटीनं पांढरी झालेली एक बाई समोर आली.

‘‘वळखलाव का अक्का? मी महादेवी.’’

मला तिचं वय माहीत होतं. दिसत होती ती त्याच्याहून कितीतरी मोठी. मी आईचं विचारलं.

‘‘भट्टीवरच गेली. दुसऱ्या साली. दम लागायचा, खोकायची. मंग एक दिवस उठलीच न्हाई.’’

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, ‘‘त्या दिवशी तुमी इंग्रजीत काय सांगितलाव, ते मला तवाच कळालतं.’’

‘‘मग आईला कामून सांगितलं न्हाईस?’’ माझ्या तोंडून निघून गेलं. विचारायचा मला काय अधिकार होता?

‘‘कसं सांगू अक्का? ती लई खुश हुती. शेवटपतूर म्हणायची, येवढ्या लांबनं बाई आली, माझा हात धरून बसली. त्यांची काय तरी अडचण झाली आसंल, म्हणून आलं न्हाई. पर आपलं कुणीतरी ऐकलं, महादेवी.’’

आतून कुणीतरी हाक मारली. ती गेली. मी तिची माफी मागितली नाही. मागायला तोंड उघडलं होतं, हेही सांगत नाही, कारण उघडलं नव्हतं.

त्या बाईंनी काही ऐकलं नव्हतं. साहेबांनी ऐकलं नव्हतं. कस्तुराबाई काय म्हणाली, ते ज्यांनी पुढं न्यायचं, त्यांच्यात समजलेली मी एकटी होते. आणि मी ते तिथंच, तिच्या अंगणात, थांबवलं.